चाचणीचा भोंगा

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला आमच्या चीजच्या कारखान्याचा भोंगा वाजतो. शीतगृहात अमोनिया गळला तर वाजायचा भोंगा तो. मंगळवारचा फक्त चाचणीचा. नदीपलीकडे मार्लिस झास्ट्रोच्या स्वयंपाकघरात तो स्वच्छ ऐकू जातो. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी ती त्या वेळी हातातलं काम थांबवायची, भोंगा शेवटपर्यंत ऐकायची आणि म्हणायची, "वाजला बाई एकदाचा." मग पुन्हा बटाटे सोलायला घ्यायची. तो भोंगा वाजवणारा प्रोग्रॅम तिने लिहिला होता.

मी नॉर्ब गुटोव्स्की. त्याच कारखान्यात थंडाव्याची यंत्रं सांभाळण्यात माझी एक्केचाळीस वर्षं गेली. मार्लिसची हकिगत खरं तर माझ्यापेक्षा बऱ्या माणसाने सांगायला हवी होती. पण जे बरे होते त्यांना काही माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांत मी आणि आमचा मॅनेजर असे दोघेच. मॅनेजर काही सांगणार नाही.

मार्लिस गोठ्यातली पोर. विस्कॉन्सिनमध्ये आमच्या भागात निम्मं गाव गोठ्यातूनच आलेलं आहे, त्यात नवल नाही. एकोणिसाव्या वर्षी ती कारखान्यात दुधाच्या वजनाच्या चिठ्ठ्या यंत्रात भरायला लागली. पुढे ती यंत्रं बदलली, संगणक आले, आणि ते दुरुस्त करायला दर वेळी मिलवॉकीहून माणूस येईपर्यंत दूध नासायला लागलं, तेव्हा हिने त्याच्याच बॅगेतली जाडजूड पुस्तकं मागून घेतली आणि वाचून काढली. कॉलेजचं तोंडही न पाहिलेली बाई पंचेचाळिशीत असेंब्लीत प्रोग्रॅम लिहायला लागली. असेंब्ली म्हणजे काय, असं मी एकदा तिला विचारलं होतं.

"हार्लनला फ्रिजमधलं लोणी सापडत नाही, माहितीये ना?" हार्लन म्हणजे तिचा नवरा. "नुसतं 'लोणी आण' म्हणून चालत नाही. दार उघड. दुसरा कप्पा. डावीकडे. दुधाच्या मागे. आता हात पुढे कर. असेंब्ली म्हणजे तेच. यंत्राला एकेक सांगायचं. फरक इतकाच, की यंत्र उलट उत्तर देत नाही."

१९९९ साली तिने भोंग्याचा प्रोग्रॅम लिहिला, एका भंगारात काढलेल्या संगणकासाठी. लहानसा होता. हवेतला अमोनिया मोजणारं यंत्र आकडा पाठवायचं, प्रोग्रॅम तो बघायचा, आकडा चढला की भोंग्याच्या पेटीला एक ओळ पाठवायचा, मग दाराबाहेरचा लाल दिवा आणि भोंगा. फाईलच्या अगदी वर तिने नाव आणि तारीख घातली आणि खाली लिहिलं: जो हात लावेल त्याने इथे नाव घालावं. आम्हा मेकॅनिक लोकांची पद्धत तीच. वॉल्व्ह उघडला की त्याला बांधलेल्या कार्डावर सही करायची, मग वॉल्व्ह एक सूत फिरवलेला का असेना. उद्या काही बिघडलं तर कुणाला उठवायचं ते कळतं.

तिचा आणखी एक हट्ट होता. चाचणी बटणाने करायची नाही. चिंधीवर घरगुती अमोनियाचे चार थेंब टाकायचे आणि ती चिंधी मोजणाऱ्या यंत्रासमोर धरायची. "बटण दाबलं की बटण चालतं एवढंच कळतं," ती म्हणायची. चिंधी धरायचं काम माझं. डोळ्यांतून पाणी यायचं, दिवसभर हाताला वास यायचा, आणि बायको जेवणाच्या टेबलावर नाक मुरडायची. २०१२ मध्ये मार्लिस निवृत्त झाली. पुढच्याच महिन्यापासून मी बटण दाबायला लागलो. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नाही.

२०१८ मध्ये कारखान्यातले सगळे संगणक बदलले. शिकागोहून एक कंत्राटी माणूस आला, चार दिवस राहिला, जुने प्रोग्रॅम नव्या यंत्रांवर चढवून गेला. भोंग्याचाही चढवला. मंगळवारी मी बटण दाबलं, भोंगा वाजला, मी कागदावर बरोबरची खूण केली.

जानेवारी २०२१. सकाळचे साडेनऊ. वॉल्व्हच्या खोलीतून कसला तरी आवाज येतोय असं कुणीसं म्हणालं. माझा जोडीदार ड्वेन प्रॉक्नाव उठला. खरं तर पाळी माझी होती. "तू कॉफी संपव," तो म्हणाला, "तुझे गुडघे उठेपर्यंत दुपार होईल." खोलीच्या दाराबाहेरचा दिवा बंद होता, भोंगा गप्प होता. दार जाड आणि घट्ट बसणारं, बाहेर वास येत नाही. मुळात त्यासाठीच ते तसं केलेलं. त्याने दार उघडलं. आम्ही त्याला बाहेर ओढलं तेव्हा जीव होता. तीन दिवस होता.

चौकशीला कंपनीने बाहेरची माणसं आणली. त्यांनी फाईल उघडली. वर एकच नाव होतं. अहवालात छापून आलं: सूचना देणारा प्रोग्रॅम गळतीच्या वेळी निकामी ठरला, लेखिका, एम. झास्ट्रो, १९९९. त्याखाली दुसरं नाव नव्हतं, म्हणजे दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता. आमच्याच पद्धतीने तिला बांधून ठेवलं.

ड्वेनची बायको बर्निस ही मार्लिसची पत्त्यांतली जोडीदारीण. दर गुरुवारी चर्चच्या तळघरात शीप्सहेडचा डाव पडायचा आणि सव्वीस वर्षं या दोघी शेजारी बसून एकमेकींची पानं चोरून बघायच्या. अंत्यविधीनंतर त्याच तळघरात हॅमचे सँडविच ठेवले होते. मार्लिस आपली बटाट्याची कॅसरोल, म्हणजे चीज घालून भट्टीत भाजलेले बटाटे, घेऊन आली. बर्निस सगळ्यांसमोर म्हणाली, "ते परत घेऊन जा. तुझ्या भोंग्याने माझा नवरा खाल्लाय." मार्लिस ते गरम भांडं हातात धरून तशीच उभी राहिली. कुणी तिच्या हातातून घेतलं नाही. मीही नाही. मी तिच्यापासून दहा पावलांवर होतो.

त्यानंतर गावाने तिला वाळीत टाकलं असं मी म्हणणार नाही. आम्ही सभ्य माणसं आहोत, आम्ही तसं करत नाही. आम्ही फक्त शुक्रवारी गावाच्या रिवाजाप्रमाणे तळलेले मासे खायला गेल्यावर तिच्या टेबलाशी बसलो नाही. मी एकदा भरलेली ताटली उचलून दुसऱ्या टेबलावर गेलो. उजेड डोळ्यांवर येतो म्हणालो. गुरुवारच्या डावाला तिच्या जागी दुसरी बाई आली. हार्लन वारला होता, मुलंबाळं नव्हती. ती गप्प राहिली, आणि गावाने त्याचाही अर्थ लावला.

ऑक्टोबरात तिचा फोन आला. हॅलो वगैरे काही नाही.

"नॉर्ब, भोंग्याचा संगणक असतो त्या कपाटाला कुलूप कोण घालतं अजून? तूच ना?"

"मीच."

"मग मला त्यातली भोंग्याची फाईल आणून दे. आत्ता चालतेय ती. माझी मूळची माझ्याकडे आहे."

"कशाला आता, मार्लिस? झालं ते झालं."

"तुझ्यासाठी झालं. मला बर्निसला तोंड दाखवायचंय. ती माझं ऐकणार नाही, पण कारखान्याचा कागद ऐकेल. मला तो अहवाल बदलून हवाय. बाकी काही नको."

का कोण जाणे, मी हो म्हणालो. कदाचित कॅसरोलचं भांडं अजून डोळ्यांसमोर होतं. दुसऱ्या दिवशी मी फाईल पेनड्राइव्हवर घेऊन तिला पोचवली आणि शनिवारी दुपारी पुन्हा तिच्याकडे गेलो. तिने चीज कर्ड्‌स, ताज्या चीजचे गोळे, तळून ठेवले होते. टेबलावर भाच्याने दिलेला नवा लॅपटॉप, शेजारी चष्म्याच्या दोन जोड्या.

तिने आधी स्वतःची जुनी फाईल घेतली. "हे यंत्र चौसष्ट बिटचं," ती म्हणाली. "माझा प्रोग्रॅम बत्तीस बिटचा. जुनं घराणं. नव्या यंत्रावर तो चालतो, पण दोघांना सांगावं लागतं. आधी असेंबलरला, म्हणजे माझं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत करणाऱ्याला, की बाबा बत्तीसचं कर. मग लिंकरला, ते तुकडे जोडणाऱ्याला, की बत्तीसचंच आहे, तसंच जोड. एकालाच सांगितलं तर दुसरा भांडतो. हे बघ, मुद्दाम सांगत नाही लिंकरला." तिने बटण दाबलं. पडद्यावर तक्रार उमटली, की ही फाईल जुन्या यंत्राची आहे, नव्यात बसत नाही.

"शिकागोवाल्याला हेच दिसलं असणार. एक शब्द वाढवायचा होता लिंकरला सांगताना. एक शब्द! त्याने काय केलं?" तिने मी आणलेली फाईल उघडली. "सगळा प्रोग्रॅमच चौसष्टचा करून टाकला. जिथे असेंबलर ओरडला तिथे अक्षरं बदलली. सतरा ठिकाणी. मी मोजलीत. ओरडणं थांबलं, त्याला वाटलं झालं."

"आणि नाव नाही घातलं."

"सतरा अक्षरांसाठी कोण नाव घालतं, असं वाटलं असेल."

मग तिने दोन्ही प्रोग्रॅम चालवून दाखवले. भोंग्याच्या जागी पडद्यावर ओळ उमटेल अशी सोय केली होती. पहिला तिचा. बटणाची चाचणी: 'चाचणी' अशी ओळ आली. मग खोट्या गळतीचा आकडा दिला: 'अमोनिया ४१२, बाहेर पडा.' मग कारखान्यातला. चाचणी: ओळ आली. गळतीचा आकडा दिला. पडद्यावर काही नाही. तक्रार नाही, बंद पडणं नाही. प्रोग्रॅम आरामात पुढचा आकडा वाचायला लागला.

माझ्या हातातला कर्ड गार झाला.

"असं का?" मी विचारलं.

"नव्या यंत्रात पत्ते दुप्पट लांब. पण त्याने दाराशी पोस्टमन जुनाच ठेवला, आणि तो पत्त्याचा शेवटचा अर्धाच वाचतो. 'चाचणी' हा शब्द प्रोग्रॅममध्ये कायमचा लिहिलेला आहे, त्याचा पत्ता आखूड. ते पत्र पोचतं. गळतीच्या ओळीत आकडा असतो, ती दर वेळी नव्याने जुळवावी लागते, दुसऱ्या जागेत. तो पत्ता लांब. ते पत्र पोस्टमन खिशात घालून घरी जातो."

"आणि कुणाला सांगत नाही?"

"सांगतो ना. पोचलं नाही म्हणून सांगतो. माझा प्रोग्रॅम त्याला विचारत नाही." तिने चष्मा काढून ठेवला. "ते मी करायला हवं होतं. चार ओळी होत्या. तेव्हा जागा कमी, म्हणून वाचवल्या. ते मी पत्रात लिहिणार आहे."

मी खाली बघत होतो. चिंधी धरली असती तर? चिंधीचा आकडा खरा असतो. चिंधीची ओळ नव्याने जुळवावी लागली असती. शिकागोवाला गेल्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी भोंगा गप्प राहिला असता आणि आम्हाला कळलं असतं. ड्वेन मेला त्याआधी अडीच वर्षं. हे तिला ठाऊक नव्हतं असं होणारच नाही. नियम तिचाच होता. ती फक्त म्हणाली, "अजून घे की, थंड झाले तर रबर होतात."

डिसेंबरात आम्ही दोघं मॅनेजरकडे गेलो. क्रेग डेटमन, वय चाळीस, टेबलावर मुलांचे फोटो, बोलणं लोण्यासारखं. त्याने तिचं चार पानी पत्र नीट वाचलं. तिने लॅपटॉपवर दोन्ही प्रोग्रॅम चालवून दाखवले. त्याने दुसरा पुन्हा एकदा चालवायला सांगितला, म्हणजे त्याला कळलं होतं.

"मार्लिस, तुम्ही इथे स्वतःच लिहिलंय, की उत्तर तपासायला हवं होतं. म्हणजे चूक तुमचीही होतीच."

"होतीच. म्हणून तर लिहिलंय. माझी जेवढी आहे तेवढी घाला अहवालात. बाकीची ज्याची त्याला द्या."

"पण ही दुसरी फाईल आमच्याच संगणकावरची आहे, हे कोण सांगणार? तुम्ही ती घरीही लिहिली असू शकते. तसं मी म्हणत नाही, वकील म्हणतील."

मार्लिसने माझ्याकडे पाहिलं. पत्र माझ्यासमोर पडलं होतं. मी तेव्हा ते पहिल्यांदा वाचलं. तिची चूक एका अख्ख्या पानावर होती. शिकागोवाल्याची दीड पानावर. चिंधीबद्दल, बटणाबद्दल, माझ्याबद्दल एक ओळही नव्हती.

क्रेग माझ्याकडे वळला. "नॉर्ब, तुम्हाला किती राहिले? चौदा महिने ना? कपाट उघडून कंपनीची फाईल घरी नेली, तर नियम काय आहे तो तुम्हाला सांगायला नको. त्याच दिवशी नारळ. आणि मग मंगळवारच्या चाचण्यांचे कागदही काढावे लागतील, कुणी कशा केल्या ते. म्हणून विचारतो. ही फाईल तुम्ही इथून नेली होती?"

खिडकीबाहेर दुधाचा टँकर मागे येत होता, त्याची टुंटुं चालू होती. ती थांबेपर्यंत मी थांबलो.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

माझा आवाज कापला नाही. त्याची मला आजही लाज वाटते. कापला असता तर निदान खोटं आहे हे दिसलं तरी असतं.

 मार्लिसने कागद गोळा केले, कोटाची बटणं लावली, सगळी, गळ्यापर्यंत. दोन्ही प्रोग्रॅम असलेला तिचा पेनड्राइव्ह क्रेगने ठेवून घेतला. "आम्ही आमच्या परीने बघतो," म्हणाला. बाहेर पार्किंगमध्ये मी तिच्या मागे गेलो.

"मार्लिस, अगं पेन्शन आहे माझी..."

"तुझा डावा टायर मऊ झालाय," ती म्हणाली. "हवा भरून घे, बर्फ पडणार आहे." आणि गाडीत बसली.

आठवड्याच्या आत तिचा प्रोग्रॅम कारखान्यात बसला. तिनेच जोडलेला, बत्तीसचा, तिच्या पेनड्राइव्हवरचा. कुणी काही जाहीर केलं नाही. मी स्वतःहून चिंधी घेऊन गेलो आणि मोजणाऱ्या यंत्रासमोर धरली. गुरुवार होता, दुपारचे दोन. भोंगा असा वाजला की पॅकिंगच्या बायका धावत बाहेर आल्या. नदीपलीकडे तिलाही ऐकू गेला असणार. मंगळवार नाही, दहा नाही. तिला कळलं असणार काय झालं ते. अहवाल मात्र होता तसाच राहिला.

पुढचे चौदा महिने मी दर महिन्याला चिंधी धरली. त्याचा कुणाला काय उपयोग.

गेल्या फेब्रुवारीत माझा शेवटचा दिवस. केक कापला, क्रेगने घड्याळ दिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुपारी कपाटाची किल्ली परत करण्याआधी मी संगणकावर भोंग्याची फाईल उघडली. नुसतं बघायला. वरच्या ओळी गेल्या होत्या. नाव नाही, तारीख नाही, जो हात लावेल त्याने नाव घालावं, तेही नाही. जागा कोरी होती. ज्या प्रोग्रॅमने माणूस मेला त्यावर तिचं नाव, कायमचं, अहवालात. जो माणसांना वाचवतोय त्यावरून पुसलेलं.

मी गाडी काढली आणि पूल ओलांडून थेट तिच्या दारात गेलो. सव्वा वर्षात पहिल्यांदा. पेन्शन पक्की झाली होती. आता मला धीर आला होता. तिने दार उघडलं, पण बाजूला झाली नाही. बारीक झाली होती.

"त्यांनी तुझं नाव काढलं फाईलवरून," मी म्हणालो.

"काढणारच."

"मी आता बोलतो, मार्लिस. आज सुटलो मी. उद्याच बर्निसकडे जातो. फाईल मी नेली होती, बटणही मीच दाबत होतो, सगळं सांगतो तिला. माझं ऐकेल ती."

ती माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. असता तर बरं झालं असतं.

"बर्निसला तिच्या मुलीने नेलं, ओशकॉशला. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच. तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. बर्निसच्या घरावरून जायला नको म्हणून मी वर्षभर लांबच्या रस्त्याने कामावर जात होतो.

"मग ओशकॉशला जातो. तासाभराचा तर रस्ता आहे."

"मी जाऊन आले. तिने माझा हात धरला, म्हणाली, ड्वेन गोठ्यात गेलाय, येईलच इतक्यात, तुम्ही कोण?" मार्लिसने दाराची कडी हातात घेतली. "तिलाही आता काही आठवत नाही, नॉर्ब. तिचं खरं आहे, एवढाच फरक."

तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं.